मदत हवी आहे : थॅलॅमसच्या स्ट्रोकनंतर चेहरा ओळखीचा वाटतो, पण माणूस आठवत नाही

नमस्कार मंडळी,
आम्ही कोथरूडला राहतो. आईला छोटा स्ट्रोक झाला. एमआरआयमध्ये डाव्या थॅलॅमसच्या (मेंदूच्या आत खोलवर असलेला एक भाग, डावीकडे एक आणि उजवीकडे एक) पुढच्या बाजूला इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, दिसला. हातापायांत ताकद आहे, बोलणंही स्वच्छ. शनिवार पेठेतल्या वाड्यात कोण कुठल्या खोलीत राहायचं ते आजही बिनचूक सांगते. अडतं ते नव्या गोष्टींपाशी. खालच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या काकू दारात दिसल्या की आई हसून ‘या’ म्हणते. त्या गेल्यावर ‘कोण गं होत्या?’ विचारलं की म्हणते, “पाहिलंय कुठेतरी. बँकेत असतात का?” आदल्या दिवशी त्याच काकू अळूवड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या, तासभर गप्पा झाल्या, यातलं काहीच आठवत नाही.

नातेवाईक म्हणतात, वयानं होतंच. मला मुळीच पटत नाही, कारण हे एका दिवसात सुरू झालं.

वाचताना ॲगलटन आणि ब्राऊन या स्मृतीवर काम करणाऱ्या संशोधकांची १९९९ची मांडणी सापडली. प्रसंग तपशिलासह आठवणं हे हिप्पोकॅम्पस (मेंदूतला नव्या आठवणी घडवणारा भाग) आणि थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकांचं (पेशींच्या गटांचं) काम. नुसती ओळख पटणं हे हिप्पोकॅम्पसशेजारच्या पेरिऱ्हायनल कॉर्टेक्सचं आणि थॅलॅमसमधल्याच मीडिओडॉर्सल केंद्रकाचं. आईचं पहिलं बिघडलंय आणि दुसरं शाबूत आहे, असं समजू का? घरी काय करून घ्यावं? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद :
ताई, तुमचं निरीक्षण या मांडणीशी जुळतं. मात्र दोन्ही वाटा इतक्या वेगळ्या नाहीत, असं पुढे खुद्द ॲगलटन यांनीच मांडलं. रिपोर्ट घेऊन पुन्हा न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि मॅमिलोथॅलॅमिक ट्रॅक्टला (थॅलॅमसच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडीला) धक्का लागलाय का, हे विचारा. हिप्पोकॅम्पसच्या साखळीतला हा दुवा तुटला तर नवे प्रसंग टिकत नाहीत. डावी बाजू म्हणजे नावं, निरोप, याद्या यांना जास्त त्रास. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मृती, लक्ष वगैरेंच्या चाचण्या घेणारे तज्ज्ञ) आठवणं आणि ओळखणं यांची वेगवेगळी चाचणी करून घ्या.

घरी ‘आठव बघू’ म्हणून परीक्षा घेऊ नका. अंदाजानं दिलेलं चुकीचं उत्तरच अशा वेळी डोक्यात बसतं. काकू आल्या की नाव, नातं, कालची गोष्ट आधी तुम्हीच सांगा, मग आईंना म्हणू द्या. रोजच्या नोंदींची वही दारापाशी ठेवा. आणि बीपी, शुगर काटेकोर सांभाळा. उजव्या थॅलॅमसलाही इजा झाली तर स्मृतीचं नुकसान खूप मोठं असतं.