भाषणांपेक्षा मधली सुट्टी महत्त्वाची
"व्हिडिओ नंतर यूट्यूबवर येतातच, मग परिषदेला जायचं कशाला?" हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. पण भाषण हे निमित्त. खरी कामाची माहिती कॉफीच्या रांगेत मिळते. आम्ही एकदा परिषद भरवली, तेव्हा उत्साहाच्या भरात दिवसात १४ सत्रं कोंबली, मध्ये जेमतेम पाच-पाच मिनिटं. पहिल्याच वक्त्याचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जुळेना, आणि वेळापत्रक तिथेच कोसळलं. पुढच्या वेळी आठच सत्रं, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सुट्ट्या. शिवाय पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांच्या परिषदांत रुळलेला 'पॅकमॅन नियम' सुरुवातीलाच सांगितला: घोळक्यात उभं राहताना एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायची. एकटे आलेले बुजरे लोक त्या फटीतून बिनधास्त आत शिरत होते.