धागा: डेअरीत दूध तपासायचं मशीन आणायचं तर एका तारखेला जुनं बंद, की जुनं-नवं बरोबर चालवायचं?

मार्कंडेयकाठ
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गावडेअऱ्यांत दुधाची तपासणी मशीनवर न्यायची म्हटलं की चेअरमन लोक विषय पुढच्या सभेवर ढकलतात. माझं मत असं : वार्षिक सभेत तारीख जाहीर करा आणि त्या सकाळी जुनी पद्धत बंद करा. दोन्ही बरोबर चालवलं की एकाच दुधाला दोन आकडे निघतात आणि जो तो आपल्या फायद्याचा आकडा धरून भांडतो. हाताने तपासताना आपल्या माणसाला फॅटचे दोन-चार पॉइंट जास्त लावता येतात. ज्यांना ते मिळतात त्यांचं संचालक मंडळात वजन असतं, आणि अडीच लिटर घेऊन आलेली बाई रांगेत गप्प उभी असते. सगळ्यांची संमती हवी म्हणणारा नेमकी कुणाची संमती मागतोय, ते बघा की.

वेदगंगा
दादा, लोक मशीनला भीत नाहीत, बिल कमी निघेल याला भितात. आणि ती भीती खरी आहे. लॅक्टोमीटरचा (दुधाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा, म्हणजे सीएलआर, २८ आणि फॅट ४ धरा. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, काढताना काही ठिकाणी सीएलआरचा चौथा भाग, त्यात फॅट गुणिले ०.२ आणि वर ०.३६ मिळवतात. उत्तर ८.१६. काही ठिकाणी ०.२५ आणि ०.४४ धरतात. उत्तर ८.४४. दूध तेच, पण दरतक्त्यात खाना बदलला! दूध घेणारा संघ कुठलं सूत्र धरतो आणि मशीनचं कॅलिब्रेशन कुठल्या सूत्रावर केलंय, हे आधी जुळवलं नाही तर पहिल्याच दहा दिवसांच्या बिलाला डेअरीपुढे गर्दी होईल. त्यामुळे दोन बिलं, म्हणजे २० दिवस, पैसे जुन्या आकड्यावर द्या. मशीनची चिठ्ठी नुसती हातात द्या.

मार्कंडेयकाठ
२० दिवस प्रत्येकाचं दूध दोनदा तपासायचं? गर्बरला, म्हणजे हाताने फॅट काढायच्या जुन्या पद्धतीला, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रिफ्यूज, मग ६५ अंशांच्या पाण्यात नळ्या. तोवर संघाची गाडी येऊन उभी राहते आणि एप्रिलच्या उन्हात कॅनमधलं दूध फाटतं. रोज चिठ्ठ्या टाकून दहा सॅम्पल काढा, त्यांनाच गर्बर लावा, दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. तारखेच्या आधी सात दिवस एवढं केलेलं मला चालेल. पैसे देताना दोन हिशेब नकोत.

मलप्रभा_खानापूर
तुम्ही दोघंही आकड्यांत अडकलात. आपल्याकडे चिठ्ठी बऱ्याचदा कन्नडमध्ये निघते. दूध घालणारी बाई मराठी वाचणारी. तिला लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम यांतला कुठला आकडा कशाचा हेच कळत नसेल तर विश्वास बसायचा कशावर? काट्याशेजारी चिठ्ठीचा मोठा नमुना लावा, प्रत्येक ओळीपुढे मराठीत नाव लिहा. संघाकडे भांडण्याची गरज नाही, पुठ्ठा आणि मार्कर पुरतो. दुधाचे आकडे ज्या मोबाइलवर मेसेजने जातात तो नंबरही तपासा. तो मुलाचा असतो, मुलगा पुण्याला असतो, आणि दूध घालणारीला आपला आकडा कळतच नाही. सरकारचं लिटरमागचं प्रोत्साहन ज्या खात्यात येतं ते आधारशी जुळतंय का, तेही त्याच फेरीत बघून घ्यावं.

आणि पहिल्या सकाळी रांगेत पहिली किटली चेअरमनची हवी. त्यांचीच फॅट कमी लागली तर तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. सभेतल्या तासभराच्या भाषणाने जे होत नाही ते एवढ्याने होतं.

वेदगंगा
चेअरमनच्या किटलीचं पटलं. पण ताई, माणसं मागे येतात ती गरज आपली वाटली तर. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९४६ साली सहकारी चळवळीतल्या त्रिभुवनदास पटेलांच्या मागे शेतकरी उभे राहिले. १५ दिवस दूध घातलं नाही, कारण भावाची पिळवणूक त्यांना रोज सोसावी लागत होती. अमूलचा संघ त्यातून उभा राहिला, मोठी यंत्रं नंतर आली. आपल्याकडे कोटेशन आधी येतं आणि सभासदाला विचारणं राहून जातं. तारीख जाहीर करण्याआधी गल्लीगल्लीत बसून "तुमचं दूध आत्ता कुठे कमी लागतं?" एवढं तरी विचारा.

मार्कंडेयकाठ
विचारा, पण महिनाभरात संपवा. दुसरं, सुरुवात जूनमध्ये नको. कोवळा हिरवा चारा आला की फॅट तशीही उतरते आणि दोष मशीनच्या माथी जातो. ऊसतोड संपून वाडं (उसाच्या शेंड्यांचा चारा) बंद होतं तेव्हाही नको. जानेवारी बरा, चारा स्थिर असतो.

काटा_आणि_माप
मार्कंडेयकाठ, तुमची तारीख आणि वेदगंगाचे २० दिवस, दोन्हींत पहिल्या महिन्याचीच काळजी दिसते. मशीन बिघडतं तिसऱ्या महिन्यात. दूध ओतल्या-ओतल्या सॅम्पल घेतलं तर फेसातल्या हवेने आकडा चुकतो, हलकं ढवळून थोडं थांबायला हवं. गाईचं दूध म्हशीच्या सेटिंगवर गेलं तरी चुकतो. रोज कोमट पाणी आणि क्लीनर फिरवलं नाही तर आत दुधाचा थर धरतो आणि फॅट हळूहळू सरकत जाते. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, पण लोक म्हणतात, "बघा, मशीनपण त्यांचंच." सेक्रेटरी एकटा माप घेतो, चिठ्ठी देतो, कॅन भरतो, धुणं शेवटी राहून जातं. धुण्यासाठी रोज पंधरा मिनिटं दुसरा माणूस, त्याचा पगार ठरावात, आणि धुतल्याची सही भिंतीवरच्या तक्त्यावर. हे लिहून झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.