कोणत्या दिवसांत गाडी चालवायला बरं वाटतं? मराठवाड्यातल्या चालवणाऱ्यांचे अनुभव

मोटारसायकल असो, बुलेट असो की साइड व्हील लावलेली स्कूटर. आपल्या भागात कोणता महिना, कोणती वेळ, कसला रस्ता मानवतो, आणि कामून? "थंडी छान असते" एवढ्यावर भागवू नका. टायरमध्ये हवा किती, काय फसतं, काय करायचं ते लिहा. समृद्धी महामार्ग यातून वजा, तिथं दुचाकी-तीनचाकीला बंदीच आहे.

परभणी, 100 सीसी

मे महिना, सकाळी पाच ते दहा. हसू नका. रस्ता ठणठणीत कोरडा, धुकं नाही, उसाच्या ट्रॉल्या नाहीत, गाडी कुठं घसरेल याचा अंदाज आधीच असतो. दहानंतर मात्र पारा 40 च्या पुढं सरकतो आणि गणित उलटतं. वारा अंगापेक्षा गरम झाला की उघड्या हाताला गार वाटत नाही, भाजतं. बाह्या वर करून चालवणारा सगळ्यात आधी थकतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट ओला करून घालायचा, वरून पातळ जाकीट, चेन अर्धी उघडी. आपली उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळं शर्ट लवकर वाळतो. थांबाल तिथं पुन्हा भिजवा. दस्ती (रुमाल) हेल्मेटच्या आत बांधा, बाहेर नाही.

टायरची हवा गार टायरवरच बघायची. लांबून चालवून आल्यावर काटा दोन-चार पॉइंट जास्त दाखवतो. "उन्हाळा आहे, हवा कमी करा" म्हणून ती काढली, की सकाळी टायर कमी हवेवर धावतो आणि उलट जास्त तापतो. टाकीही तोंडोतोंड भरू नका. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गार असतं. 10 लिटर पेट्रोल 10 अंशांनी तापलं की साधारण 100 मिली फुगतं. गाडी उन्हात लावली की झाकणाजवळ ओल दिसते ती त्याचीच.

औसा, 150 सीसी

सकाळचं पटलं. पण मे म्हणजे वळीवही. दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं की आधी धुळीचा लोट येतो, मग आडवा वारा, मग टपोरे थेंब. पहिल्या सरीत डांबरावरचं तेल आणि धूळ मिळून साबण होतो. चांगला झोडपून पाऊस झाल्यावर तेच धुऊन जातं. म्हणून पहिला अर्धा तास टपरीवर काढावा, झाडाखाली नको, वीज असते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना त्यांच्यावर ब्रेक दाबू नये.

सेलू, शेतरस्त्याची गाडी

पाऊस चालू असताना चालवायला हरकत नाही. पाऊस उघडल्यानंतरची वेळ नको. काळी माती पातळ गाळ असते तोवर टायरवरून निथळते. ऊन पडून ती अर्धवट आवळली की खरी चिकटते. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट-दोन बोटं फट असते. शंभर-दोनशे फुटांत ती भरते आणि चाक फिरायचं थांबतं. इथं सगळे एकच करतात, रेस वाढवतात. मागचं चाक जागेवर फिरतं, नाहीतर क्लच जळका वास मारतो. तसं करू नका. उतरा, गाडी बंद करा, काडीनं किंवा जुन्या चमच्यानं पुढच्या मडगार्डची माती काढा, मग मागची. चेन कव्हरच्या आतली गोळीही काढा, ती चेन ओढून धरते. नंतर चाकोरी सोडून धुऱ्याच्या गवतावरून पहिल्या गिअरमध्ये चला.

पाणंदीचीच गाडी असेल तर पावसाळ्याआधी पुढचं मडगार्ड उंच बसवून घ्या. मडगार्ड काढूनच टाकणारे आहेत, पण मग माती थेट तोंडावर आणि इंजिनाच्या फिन्सवर, म्हणजे बाहेरच्या पात्यांवर बसते. वाळलेली माती फिन्समध्ये राहिली तर इंजिन तापतं. ती पाण्यानं भिजवून काढा, खरडू नका. धुतल्यावर चेनला तेल, आणि मधोमध ढील तपासायची. छोट्या गाड्यांना 20 ते 30 मिलीमीटर चालते. ड्रमब्रेकमध्ये पाणी गेलं असेल तर चालत्या गाडीवर हलका ब्रेक धरून कोरडा करायचा.

मुरमाचा रस्ता मिळाला तर लांबचा फेरा पत्करा.

हिंगोली, 125 सीसी

ऑक्टोबरबद्दल कुणीच लिहिलं नाही. सगळ्यांना वाटतं पाऊस गेला, रस्ता मोकळा. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. कोरड्या डांबरावर सोयाबीनचे दाणे छर्ऱ्यांसारखे, वर गेलात की हँडल हातात राहत नाही. कडेनं जायचं, वरून नाही, आणि वर गेलातच तर ब्रेक न धरता सरळ. भुसकट सायलेन्सरला चिकटून धुमसतं, गाडी लावताना वाकून एकदा बघा.

धाराशिव, बुलेट 350

डिसेंबर-जानेवारी, सकाळी नऊ ते दुपारी चार. त्याआधी आणि नंतर ऊस. जोड-ट्रॉलीला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, समोरच्या गाडीच्या उजेडात ती दिसतच नाही. रात्री चालवायचंच असेल तर तुमच्या दिव्याच्या टप्प्यात थांबता येईल तेवढाच वेग. ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातला चिखल डांबरावर आणलेला असतो. पहाटेच्या दवानं तो ओला होतो, वळणावर तोच पाडतो.

15डब्ल्यू50 इंजिन ऑइल थंडीत घट्ट असतं. चालू केल्यावर मिनिटभर थांबा, पहिले दोन-तीन किलोमीटर रेस हळू. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीला चोक नसतो. चावी फिरवून पंपाचा आवाज थांबला की मग स्टार्टर. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी, अजून त्याला तोड नाही.

कन्नड

औट्रम घाट पावसाळ्यात धुक्यात असतो. काच एक खाच उघडी, दिवा डिपरवर, ओव्हरटेक नाही. बस.

जालना, साइड व्हील लावलेली 110 सीसी स्कूटर

वर सगळं दोन चाकांचं झालं. आमचं वेगळं. मला थंडी-ऊन सारखंच. मला हवा कोरडा, सपाट रस्ता आणि कमी वारा. पाऊस पडून गेला की खड्ड्यात पाणी, खोली कळत नाही. मोटारसायकलवाला एक रेघ चुकवतो, आम्हाला तीन रेघा एकदम बघाव्या लागतात.

साइड व्हीलच्या किटमधली मुख्य गोष्ट म्हणजे बाजूच्या चाकांची उंची. ती खाली बसवली तर खड्ड्यावर स्कूटरचं मागचं चाक अधांतरी होतं आणि नुसतं फिरतं, चिखलात तर हमखास. फार वर बसवली तर गाडी डावी-उजवी डुलते. नेहमी बसणाऱ्या माणसाला बसवून, सपाट फरशीवर जुळवून घ्या; मागच्या चाकावर वजन आलंच पाहिजे. स्प्रिंगवाला किट घ्या, कडक अँगलवाला नको. दोन्ही बाजूंची हवा सारखी, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं.

रस्त्याला डावीकडं उतार असतो, त्यामुळं गाडी सारखी कडेला जाते. सिमेंट रस्त्याची साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी अर्धा फूट खाली आहे. डावं चाक तिथं उतरलं की गाडी कलंडते, म्हणून कडेपासून निदान दोन फूट आत. वळणात ही गाडी झुकत नाही. आतलं चाक उचलतं. वेग वळणाआधी कमी करायचा आणि अंग आतल्या बाजूला न्यायचं.

नांदेड

@जालना, फरशी पुलावरून पाणी असेल तर?

जालना

खालची फरशी दिसत नसेल आणि पाणी वाहतं असेल तर चारही चाकांनी परत फिरायचं. रुंदी जास्त म्हणून लोटही जास्त लागतो. साचलेल्या पाण्यातून जाऊन गाडी बंद पडली तर लगेच स्टार्टर मारू नका. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडून पाणी गेलंय का बघा. गेलं असेल तर प्लग काढून किक मारा, पाणी बाहेर येऊ द्या, मग प्लग पुसून बसवा. बाजूची चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवा. खरखर आली तर बेअरिंग बदला, नुसतं ग्रीस भरून चालत नाही.