मदत हवी आहे: ट्रकच्या टर्बोपासून जेट इंजिन, ब्लोअर काढला की दम सोडतं

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं शेड आहे. दिवसाची कामं उरकली की संध्याकाळी जेट इंजिनाला हात घालतो. भंगारातून ट्रकचा टर्बोचार्जर आणलाय. त्यात हवा दाबणारा कंप्रेसर आणि गरम वायूने फिरणारं टर्बाइन एकाच शाफ्टवर आयते मिळतात, मधला ज्वलनकक्ष तेवढा आपण करायचा. ट्रॉलीवर बसवून ते स्वतःच्या जोरावर फिरताना बघायचंय, मनापासून.

अडलंय ते असं. ब्लोअरने हवा दिली, स्पार्क दिला, गॅस उघडला की लगेच पेट घेतं. आवाज चढतो, केसिंगवरचा (कक्षाच्या बाहेरच्या कवचावरचा) दाबाचा गेज ०.२ बारपर्यंत जातो. ब्लोअर बाजूला केला की आवाज उतरत जातो आणि टर्बाइनच्या तोंडातून हातभर पिवळी ज्वाळा बाहेर येते. गॅस वाढवला तर ज्वाळाच वाढते, फेरे वाढत नाहीत. चाक तापून लाल व्हायच्या आत बंद करावं लागतं.

मापं: कंप्रेसरच्या चाकाचं तोंड ५० मि.मी. त्या हिशेबाने फ्लेम ट्यूब (केसिंगच्या आतली भोकं पाडलेली नळी, जिच्यात गॅस जळतो) १०० व्यासाची, ३०० लांब, ३०४ स्टेनलेसचा पत्रा, टिग वेल्डिंग. बाहेरचं केसिंग १५० चं. भोकांचं एकूण क्षेत्रफळ चाकाच्या तोंडाएवढं धरलंय, म्हणजे साधारण १९६० चौ. मि.मी. सुरुवातीला ५ मि.मी.ची ३०, मधे ७ ची १०, शेवटी १२ ची ९. गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून, भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावून. आत सोडायला ६ मि.मी.ची नळी, ट्यूबच्या मधोमध, तोंड सरळ टर्बाइनकडे. बेअरिंगला तेल १५डब्ल्यू-४० (गाडीचं इंजिन ऑइल), वेगळ्या मोटरपंपाने ४ बारवर.

काल ट्यूब बाहेर काढून पाहिली. पहिल्या भोकांपाशी पत्रा अजून चकचकीत आहे. शेवटच्या मोठ्या भोकांपाशी मात्र निळा-जांभळा पडलाय आणि कडेला काजळी धरलीये. शाफ्ट बोटाने मोकळा फिरतो, चाक कुठे घासत नाही.

दोष भोकांचा की गॅसचा? नवीन ट्यूब करायची तयारी आहे, पण कारण कळल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. आणि पुढे रॉकेलवर न्यायचंय, ते आताच करावं का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

दादा, फार उपयोगी माहिती दिलीत. ट्यूबच्या तोंडाशी जळायला हवं ते शेपटाशी जळतंय, पत्र्याचा रंग तेच सांगतो. तुमच्या नळीतून गॅस सरळ झोताने पहिली भोकं ओलांडून पुढे जातो. शेवटच्या भोकांची हवा असते ती जळलेला वायू थंड करायला. तिथे अर्धवट जळून उरलेला गॅस टर्बाइनच्या पलीकडे पेटतो, आणि तिथली उष्णता चाकाच्या काहीच कामाची नाही.

भोकांची विभागणी ठीक आहे, तिला हात लावू नका. नळीचं टोक वेल्डने बंद करा आणि अलीकडे चहूबाजूंना दीड मि.मी.ची सहा-आठ भोकं पाडा, म्हणजे गॅस आडवा जाऊन आत येणाऱ्या हवेत तिथेच मिसळेल. ट्यूबचं शेपूट टर्बाइनच्या तोंडाशी घट्ट बसलंय ना, तेही बघा. फट असेल तर हवा आडवाटेने पळते.

थंड १५डब्ल्यू-४० ४ बारने दिलं की बेअरिंगच शाफ्टला धरून ठेवतं. तेल आधी कोमट करा, सुरू करताना २ बार पुरे, वेग आला की वाढवा. ब्लोअरही ०.२ बारवर काढू नका. इंजिन स्वतः हवा ओढायला लागलं की कळतंच.

रॉकेल आत्ता नको. १२ एप्रिल १९३७ ला जेट इंजिनाचे ब्रिटिश जनक फ्रँक व्हिटल यांचं पहिलं इंजिन इंग्लंडमधल्या रग्बी गावात सुरू झालं, आणि इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही वेग चढतच गेला, कारण ज्वलनकक्षात इंधन साचलं होतं. द्रव इंधनावर जाल तेव्हा केसिंगच्या तळाला ड्रेन कॉक (साचलेलं इंधन काढायची तोटी) हवाच. गॅसवरही पेट चुकला तर गॅस बंद करून कक्ष नुसत्या हवेने धुवून घ्या, मगच पुन्हा स्पार्क. आणि चाकाच्या रेषेत बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. असली चाकं मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतात. फुटलं तर तुकडे त्याच रेषेत येतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार! नळी उद्याच बदलतो. चाकाभोवती जाड पोलादी कडं करून घेतो, कारण पोरं बघायला येतात. तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल आणलंय, ते टर्बाइनच्या आधी लावू की नंतर?

प्रतिसाद:

नंतर, चाकापासून थोडं मागे. आधी लावून तुटलं तर तुकडा थेट चाकात जाईल. सुरू होताना आकडा क्षणभर उसळेल, पण चालू इंजिनात ६५० अंशांच्या वर राहिला तर गॅस कमी करा. नवीन नळीने चालवलंत की गेज आणि तापमान दोन्ही इथे टाका.