मैल्याचा वायू गाड्यांत भरावा की केंद्रातच वापरावा?

मृदगंध (धागाकर्ती)

माझे मत आधीच सांगते: माणसाच्या मैल्यापासून मिळणारा वायू गाड्यांत, त्यातही बस आणि कचऱ्याच्या ट्रकमध्ये वापरायला हवा, आणि त्याला उशीर झालेला आहे.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाणी स्वच्छ झाले की खाली गाळ उरतो. तो बंद टाकीत, हवा न लागू देता, ३५ ते ३७ अंशांवर पंधरा-वीस दिवस ठेवला की जीवाणू तो पचवतात आणि बायोगॅस सुटतो. त्यात साधारण ६० ते ६५ टक्के मिथेन असतो, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. हा कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेला आणि २००-२५० बार दाबाने (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्या पट) भरला, की सीएनजीच्या इंजिनाला तो जमिनीखालच्या वायूपेक्षा वेगळा कळतही नाही.

यात नवे काही नाही. इंग्लंडमधल्या एक्झेटरला १८९५ मध्येच मैल्याच्या टाकीतला वायू दिव्यांसाठी वापरला गेला. २०१० मध्ये ब्रिस्टलला एक फोक्सवॅगन बीटल या वायूवर चालवली गेली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथेच चाळीस आसनांची बस विमानतळ ते बाथ या मार्गावर धावू लागली. ओस्लोच्या काही बसगाड्या २०१० पासून बेक्केलागेच्या सांडपाणी केंद्रातला वायू वापरू लागल्या. स्टॉकहोममध्ये हेन्रिक्सडालचे केंद्र खडकाच्या पोटात आहे. तिथला वायूही बसगाड्यांना जातो.

मैला रोज तयार होणार, तो कुठेतरी न्यावा लागणार, आणि पैसे खर्च करून त्याची विल्हेवाट लावावीच लागणार. मग त्यातली ऊर्जा सोडून का द्यायची? किळस हे कारण मला पटत नाही. मिथेनच्या रेणूला पूर्वजन्म आठवत नाही.

रोखठोक

असहमत. किळसेचा प्रश्न नाहीच, प्रश्न प्रमाणाचा आहे. ब्रिस्टलच्या त्या बसबद्दल जगभर छापून आले की पाच माणसांच्या वर्षभराच्या कचऱ्यावर टाकी भरते आणि बस ३०० किलोमीटर जाते. वाचणाऱ्याला वाटते, पाच जणांच्या शौचालयावर बस चालली. बसला वायू देणाऱ्या केंद्रात मैल्याबरोबर टाकाऊ अन्नही पचवले जात होते, ही गोष्ट मथळ्यापर्यंत पोचलीच नाही. अन्नात ऊर्जा भरपूर असते. मैल्यात ती कमीच उरते, कारण तिचा मोठा वाटा शरीराने आधीच वापरलेला असतो.

अशा बातम्यांचे नुकसान असे होते की नगरप्रशासनाला वाटते, वाहतुकीच्या इंधनाचा प्रश्न सुटला. मग रेल्वे, विजेच्या बस, पायी चालायच्या वाटा हे सगळे मागे पडते.

गाळवाला

बरीच वर्षे सांडपाणी केंद्रात काम करतो आहे, म्हणून आकडे मांडतो. ज्या केंद्रात गाळ नीट पचवला जातो तिथे माणशी दिवसाला १५ ते २५ लिटर बायोगॅस मिळतो. वीस धरा. वर्षाचे झाले सुमारे ७.३ घनमीटर, त्यात मिथेन साधारण ४.४ घनमीटर. मिथेनच्या एका घनमीटरला दहा युनिट धरले तर ऊर्जा झाली ४४ युनिट, म्हणजे साडेचार लिटर डिझेलच्या आसपास. एका माणसाचे, अख्ख्या वर्षाचे!

मृदगंध यांनी लिहिलेल्या बीटलशी हे जुळते. तेव्हा सांगितले गेले होते की ७० घरांच्या मैल्यावर ती गाडी वर्षाला १६,००० किलोमीटर चालेल. घरटी सव्वादोनशे किलोमीटर आले, माणशी नव्वद-शंभर. हा आकडा प्रामाणिक आहे. बसचा पाच माणसांचा आकडा मात्र नुसत्या मैल्यावर जुळत नाही.

माझा विरोध आणखी एका कारणाने आहे. हा वायू आम्ही केंद्रातच इंजिनात जाळतो. त्यातून वीज मिळते, ती हवा फुंकणाऱ्या ब्लोअरना लागते, आणि इंजिनाची उष्णता पाचक टाकी गरम ठेवते. वायू गाडीला दिला तर टाकी कशाने तापवायची? आणि ४४ युनिट वायूतून ३८ टक्के कार्यक्षमतेने साडेसोळा युनिट वीज झाली, तर शहरातली विजेची बस त्यावर, चार्जिंगमधली घट धरूनही, अकरा-बारा किलोमीटर जाते. तोच वायू थेट बसमध्ये भरला तर शुद्धीकरण आणि दाब देण्याचा खर्च वजा जाता आठ-नऊ. वर उष्णता हातची गेली ती वेगळीच.

मृदगंध

गाळवाला, हिशोब मान्य आहे, निष्कर्ष नाही. तुमची तुलना विजेच्या बसशी आहे. रात्रंदिवस कचरा ओढणारा ट्रक, टँकर, दूर पल्ल्याचे जड वाहन यांना बॅटरी अजून महाग आणि अवजड पडते. तिथे प्रत्यक्षात पर्याय डिझेलचाच असतो, आणि तुलना त्याच्याशीच व्हायला हवी. शिवाय कितीतरी केंद्रांत इंजिन बंद असते किंवा लहान असते आणि जास्तीचा वायू मशालीवर जाळून टाकतात. ती ज्योत मी स्वतः पाहिली आहे आणि दर वेळी जीव तुटतो.

उष्णतेबद्दल म्हणाल तर स्टॉकहोममध्येच उत्तर आहे. हेन्रिक्सडालहून निघणारे शुद्ध केलेले पाणी हम्मार्बीच्या केंद्रात जाते आणि तिथले उष्णता पंप त्या कोमट पाण्यातून शहरातली घरे गरम करतात. घरे गरम होतात तर एक टाकी होणार नाही?

गाळवाला

होईल. पण त्या पंपाला वीज लागेल, आणि ती कुठून आणणार तेही हिशोबात धरा. मशालीबद्दल मात्र पूर्ण सहमत. जिथे वायू जळून वाया जातो आहे तिथे गाडी, चूल, काहीही चालेल.

चाकवाट

बस आगारात इंजिने उघडायचे काम करतो, तेवढ्यापुरते लिहितो. या वायूत दोन शत्रू असतात. एक हायड्रोजन सल्फाइड. तो ओलाव्याबरोबर आम्ल होतो आणि धातू खातो. दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही: सिलोक्सेन. शाम्पू, क्रीम, दुर्गंधीनाशके यांतून तो गटारात येतो, वायूबरोबर इंजिनात जातो आणि जळला की त्याची वाळू होते. अगदी खरी सिलिका, पांढरी, कडक. व्हॉल्व्हवर आणि दट्ट्याच्या माथ्यावर ती बसली की इंजिनाचे आयुष्य निम्म्यावर येते.

शुद्धीकरण चांगले असेल तर काहीच होत नाही. सक्रिय कोळशाच्या गाळण्या वेळेवर बदलल्या तर ही बस इतर कुठल्याही सीएनजी बससारखीच चालते, उलट डिझेलपेक्षा धूर आणि आवाज दोन्ही कमी. पण गाळणी बदलण्याचा खर्च हा पहिला कापला जाणारा खर्च असतो. उद्घाटनाला सगळे येतात, गाळणी बदलायला कोण येतो? मी विरोधात नाही. देखभालीचे पैसे पाच वर्षांसाठी आधीच बाजूला काढले असतील तरच बाजूने आहे.

रोखठोक

आता गळतीकडे या. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसेक पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ऐंशी पट. एक किलो मिथेनने डिझेलची जागा घेतली तर कार्बन डायऑक्साइड फार तर पावणेचार किलो वाचतो. म्हणजे टाकी, शुद्धीकरण, नळ्या, सिलिंडर आणि इंजिन मिळून साडेचार टक्के वायू निसटला, तर वीस वर्षांच्या हिशोबात सगळा फायदा शून्य. जुनी झाकणे, तडे गेलेली टाकी, गाळ उघड्यावर साठवणे, इतके पुरते.

मृदगंध

हा आकडा गंभीर आहे आणि गळती मोजणे सक्तीचे असलेच पाहिजे. पण त्याच न्यायाने दुसरी बाजूही मोजा. तोच गाळ टाकीत न पचवता तळ्यात किंवा खड्ड्यात टाकला तर तिथेही मिथेन सुटतोच, आणि तो शंभर टक्के हवेत जातो. तुम्ही बंद टाकीची तुलना अशा जगाशी करता आहात जिथे मैलाच नाही.

शेतमळा

सगळे वायूवर बोलत आहेत. टाकीतून बाहेर पडणाऱ्या गाळाचे काय? पचवल्यावर त्यातले निम्म्याच्या आसपास सेंद्रिय द्रव्य जाते, बाकी उरते. नत्र आणि स्फुरद त्यातच राहतात, म्हणून तो शेताला हवा. पण शहराच्या गटारात कारखान्यांचे पाणी, औषधांचे अंश, जड धातू आणि वर्षानुवर्षे न विघटणारी पीफास रसायनेही येतात. स्वित्झर्लंडने २००६ पासून असा गाळ शेतात घालणे बंद केले, अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये. वायू विकून मिळकत दाखवायची आणि गाळ शेतकऱ्याच्या गळ्यात घालायचा, याला मी हिरवे इंधन म्हणणार नाही.

पाणवठा

शेतमळा, यावर एक वेगळी वाट आहे: गाळाचेच कच्चे तेल करणे. ओला गाळ सुमारे ३५० अंशांवर आणि २०० बारच्या आसपास दाबाखाली काही मिनिटे ठेवला की तेलासारखा द्रव तयार होतो. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने यावर बरेच काम केले आहे. गाळ वाळवावा लागत नाही, हा मोठा फायदा, कारण वाळवण्यातच सगळी ऊर्जा संपते. रोगजंतू तर राहतच नाहीत. अडचण अशी की त्या तेलात नत्र फार असते, ते काढायला हायड्रोजन लागतो, आणि इतक्या दाबाची यंत्रे महाग असतात. जपानमध्ये फुकुओकाला २०१५ पासून मैल्याच्या वायूतून हायड्रोजन काढून इंधनघटाच्या (हायड्रोजनपासून वीज करून चालणाऱ्या) गाड्यांना देतात, पण त्यात रूपांतराची आणखी एक पायरी वाढते.

मला जास्त बोचते ते हे: ही सारी चर्चा गटार असलेल्या शहरांची आहे. जगात साडेतीन अब्ज लोकांना सुरक्षित मलनिस्सारण मिळत नाही. सेप्टिक टाकीत वर्षानुवर्षे पडून राहिलेला गाळ उपसून आणला तर त्यातला वायू आधीच उडून गेलेला असतो, त्यावर कुठलीही गाडी चालत नाही. आणि टाकीत उतरणारा माणूस? हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास येणेच थांबते, आणि पुढच्या काही श्वासांत माणूस कोसळतो. इंधनाच्या नावाने पैसा येणार असेल तर त्यातला पहिला हिस्सा बंद नळ्या, वायुमापक आणि उपसा यंत्रांवर जावा. माणूस आत उतरत असेल तर प्रकल्पाला मंजुरी नको.

रोखठोक

पाणवठा यांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. मूळ मुद्दा तरी सोडत नाही. दहा लाखांचे शहर धरा. गाळवाला यांच्या आकड्याने वर्षाला ४५ लाख लिटर डिझेलइतका वायू. बस दिवसाला २०० किलोमीटर धावते आणि शंभर किलोमीटरला ४० लिटर डिझेल खाते असे धरले, तर ही मिळकत दीडशे बसगाड्यांची. एवढ्या शहराच्या एकूण वाहनांपुढे हे काय आहे?

मृदगंध

दीडशे बसगाड्या! रोखठोक, तुम्ही हे विरोधात लिहिले आहे, पण मला याहून जास्त काही नकोच होते. सगळ्या मोटारी यावर चालतील असे मी कुठेच म्हटलेले नाही. गाळवाला, तुमच्या केंद्रात मशालीवर दिवसाला किती घनमीटर जातो, ते मोजले जाते का?