योरुबा कला : पाहतो कोण, डोळा की ‘ओरी’?

नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या कलेत चैतन्य असते आणि ती डोळ्याने नव्हे, तर ‘ओरी’ने, म्हणजे मस्तकात वसणाऱ्या अंतःसत्तेने, पाहायची असते, या म्हणण्यावरची ही चर्चा.

त्रिमिती : योरुबा कलेतील ‘चैतन्य’ ही कलादालनांनी पाट्या लावून चढवलेली झूल आहे. रंग डोळ्यांतील शंकुपेशींना कळतात, ‘ओरी’ला नव्हे, आणि रंगांचे तीनच मूळ गट मानणाऱ्या परंपरेकडून रंगविचार काय शिकायचा?

कुंचला : शंकुपेशी लागोसमध्ये आणि लंडनमध्ये सारख्याच असतात, त्यामुळे कलेतील फरक त्यांनी उलगडत नाही. योरुबा शिल्पकार लाकडी मूर्तीचे डोके जवळजवळ चतुर्थांश उंचीचे कोरतो, ते प्रमाण ठाऊक नसल्यामुळे नव्हे (योरुबांच्या प्राचीन इफे नगरीतील हुबेहूब धातूची मुखे पाहिलेल्याने तरी ही शंका घेऊ नये), तर दिसणारे डोके हे ‘ओरी इनू’चे, म्हणजे आतल्या मस्तकाचे, केवळ आवरण आहे, अशी त्याची धारणा असल्यामुळे. फुनफुन (पांढरे), पुपा (तांबडे) आणि दुदू (काळे-गडद) या तीन गटांत तर रंगांची शीतलता आणि उष्णता आधी पाहिली जाते.

निळाई : मी स्वतः नीळ रंगवते. पिंपातून हिरवट-पिवळे निघालेले कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते; नायजेरियातील अबेओकुटाच्या, ‘अदिरे’ हे निळीचे नक्षीदार कापड करणाऱ्या स्त्रियांना रंगाची अस्थिरता कोणी पाटी लावून शिकवली नसावी.

त्रिमिती : अनुभव सुरेख आहे, पुरावा नव्हे. नायजेरियातील ओशोग्बोच्या पवित्र उपवनातील अनेक शिल्पे ऑस्ट्रियात जन्मलेल्या सुझान वेंगर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या शिल्पांनाही योरुबा चैतन्यच म्हणायचे का?

कुंचला : म्हणायचे. वेंगर यांनी ओबाताला या योरुबा देवतेची दीक्षा घेतली होती आणि स्थानिक कारागिरांबरोबर काम केले होते.

गेरू : दीक्षेचे कौतुक पुरे. कारागिरांची नावे मागे पडतात आणि बाहेरून आलेल्या एकाच व्यक्तीचे नाव गाजते, हे प्रत्येक वारशाच्या बाबतीत होते आणि त्याचाच मला संताप येतो.

निळाई : वेंगर उभ्या राहिल्या नसत्या, तर 2005 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जायला ते उपवन उरले असते का?

गेरू : म्हणजे आता आभारही मानायचे! 1910 मध्ये इफेची शिल्पे पाहून जर्मन मानववंश-अभ्यासक फ्रोबेनियसला अटलांटिस हे दंतकथेतले बुडालेले बेट आठवले होते. आफ्रिकेचे श्रेय आफ्रिकेबाहेर नेण्याची ही खोड जुनीच आहे. इफेतच 1989 मध्ये ‘ओना’ हा चित्रकारांचा गट उभा करणाऱ्या मोयो ओकेडिजींनी स्थानिक मातीचे रंग वापरून चित्रे काढली, त्यांच्याविषयी या चर्चेत एक ओळ नाही.

त्रिमिती : ठीक आहे, मातीपुरते मान्य. पाटी न वाचता त्या मातीत मला ‘ओरी’ दिसली, तर कुंचलाताईंना जाहीर नमस्कार करीन.