शाफ्ट बाहेरून करून घ्यायचेत, भावात एवढा फरक का?

हळदकर_सांगली: हळद पॉलिश करायच्या ड्रमसाठी १२ शाफ्ट हवेत. ईएन८ पोलाद, ६२०५ बेअरिंग (आतलं भोक २५ मिमी), एका टोकाला चावीघाट (चावी बसायची खाच). भोसरीतून नगाला १,४५० सांगितले, शिरोलीतून ९००. दोघांनाही नमुना म्हणून जुना शाफ्टच दाखवला. स्वस्तवाल्याला देऊन टाकू का?

लेथवाला: जुना शाफ्ट बेअरिंगखाली झिजलेला असणार. तोच मापून केला तर नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून सैल. आधी ड्रॉइंग काढा, हातानं काढलं तरी चालेल. बेअरिंगच्या जागी २५ के६ (बेअरिंग घट्ट बसायचं माप) लिहा, म्हणजे २५.००२ ते २५.०१५ मिमी. बाकी लांबीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालू द्या. सगळीकडे मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) अचूकता मागितलीत तर भाव चढणारच.

हळदकर_सांगली: ९००वाला म्हणतो, लेथवरच माप आणून देतो, ग्राइंडिंगची (दगडी चाकावर घासून माप आणायची) गरज नाही.

लेथवाला: मग फरक तिथंच आहे, दादा! कारागीर चांगला असेल तर येतंही माप. पण बाराच्या बारा नगांना? एक नग करून घ्या, मायक्रोमीटर लावून बघा, मगच बाकीचे सोडा.

क्यूसी_ताई: दोघांनाही विचारा: मटेरियल त्यांचं की तुमचं? चावीघाट धरलाय का? (८ मिमी रुंद, शाफ्टमध्ये ४ मिमी खोल.) जीएसटी वेगळा का? आणि मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागाच. ईएन८ सांगून साधं एमएस (माइल्ड स्टील) लावलं तर नुसतं बघून कळत नाही.

हळदकर_सांगली: भोसरीवाल्याच्या भावात ग्राइंडिंग आहे, चावीघाट नाही. शिरोलीवाला फोन उचलेना. ड्रॉइंग आज रात्री टाकतो इथं.